शाळेतील पालकांची खुर्ची रिकामी का?

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि पहिल्या पंधरवड्यातच पालक सभेची सूचना मुलांच्या वहीतून घरोघर येते. सभा बहुधा कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास असते. मुख्याध्यापक प्रास्ताविक करतात. गणवेश, उपस्थिती, शुल्क यांविषयी सूचना दिल्या जातात. कोणाला काही शंका असल्यास विचाराव्यात असे सांगितले जाते. कोणी फारसे काही विचारीत नाही. आणि चहा होऊन सभा संपते. याच सभेत कायद्याने स्थापन व्हावयाची एखादी समिती 'सर्वानुमते' स्थापन झालेली असते. तिचे सभासद कोण, त्यांचे काम काय आणि अधिकार कोणते, हे उपस्थितांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. कित्येकदा खुद्द सभासदांनाही ते ठाऊक नसते.

वस्तुतः गेल्या दीड दशकात कायद्याने पालकाला शाळेत जे स्थान दिले आहे, तसे त्यापूर्वी कधी दिले गेले नव्हते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या एकविसाव्या कलमान्वये सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक झाले. या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा म्हणतो. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळेचा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि मिळालेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो हे पाहणे, ही तिची कामे. महाराष्ट्रात या समितीचा अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक तिचे सचिव असतात. म्हणजे कागदावर तरी पालक अध्यक्षस्थानी बसलेला आहे. असे असता ही खुर्ची प्रत्यक्षात रिकामी का दिसते?

'पालकांची उदासीनता' हे या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर आहे आणि शिक्षकांच्या खोलीत ते हमखास ऐकू येते. परंतु लाखो माणसे वर्षानुवर्षे एकाच प्रकारे वागत असतील, तर त्यांच्या स्वभावाला दोष देण्यापूर्वी त्यांच्या परिस्थितीचा हिशेब तपासावा, अशी अर्थशास्त्राची शिकवण आहे. तो हिशेब तपासला, तर उदासीनतेच्या जागी निराळेच काही दिसू लागते.

दप्तर घ्या, बकऱ्या द्या

पालकांना शाळेविषयी आस्था नसते, हे विधान नाशिक जिल्ह्यात तरी कोणी सहजासहजी करू नये. इगतपुरी तालुक्यातील दरेवाडी ही भाम धरणाच्या प्रकल्पग्रस्तांची वस्ती. येथील जिल्हा परिषदेची शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत पाठविण्याचा निर्णय झाला, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये या वस्तीवरील मुले व त्यांचे पालक शेळ्या-बकऱ्या बरोबर घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर मोर्चाने निघाले. 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' ही त्यांची घोषणा होती. शाळा नसेल तर दप्तर परत घ्या आणि राखावयास बकऱ्या तरी द्या, हा तिचा सरळ अर्थ. प्रशासनाला या मोर्चाची दखल घ्यावी लागली आणि शाळा चालू ठेवण्याचे आश्वासन द्यावे लागले.

या घोषणेत एक संपूर्ण अर्थशास्त्र सामावलेले आहे. आदिवासी कुटुंबात दहा वर्षांचे मूल हे केवळ खाणारे तोंड नसते. ते गुरे राखते, धाकट्या भावंडाला सांभाळते, लाकूडफाटा आणते. त्याला शाळेत धाडताना घर त्याचे श्रम सोडून देत असते. हा त्याग आईबापांनी आधीच केलेला होता. शासनाने मात्र पटावरील संख्या मोजली आणि शाळा परवडत नाही असे ठरविले. त्याच सुमारास २० पेक्षा कमी पट असलेल्या राज्यातील सुमारे १५ हजार शाळांचे भवितव्य काय, याची चर्चा सर्वत्र चालू होती. ज्या पालकांना आपण निरक्षर व उदासीन समजतो, त्यांनी तिला जे उत्तर दिले तितके नेमके उत्तर सुशिक्षितांच्या परिसंवादांतून क्वचितच मिळाले असेल.

परंतु या घटनेला दुसरीही एक बाजू आहे. कायद्याप्रमाणे अशा शाळेलाही व्यवस्थापन समिती असते. शाळा बंद करण्यासारखा निर्णय पालकांच्या बहुमताच्या समितीसमोर मांडला गेला असता, तर तिने काय सांगितले असते हे उघड आहे. जे म्हणणे बैठकीच्या टेबलावर मांडले जावे, ते सांगण्यासाठी पालकांना बकऱ्या घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागते, याचा अर्थ बैठकीचे टेबल निरुपयोगी झाले आहे.

शाळा कोणाच्या पैशाने?

महाराष्ट्रात शाळा आणि पालक यांच्यामधील अंतर नेहमीच एवढे नव्हते. इंग्रजी अमदानीत शेतकऱ्याकडून जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल केला जाई आणि त्याचा काही भाग प्राथमिक शाळांसाठी राखलेला असे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्याचा गाभाच हा होता की, रयतेच्या घामातून जमणारा पैसा रयतेच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च होत नाही. शाळेच्या खर्चाचा हिशेब मागण्याचा कर भरणाऱ्या पालकाचा हक्क, इतक्या स्पष्टपणे, आपल्याकडे तेव्हा बहुधा प्रथमच मांडला गेला.

पुढे बहुजन समाजाने स्वतःच शाळा उभारावयास प्रारंभ केला. १९१४ साली स्थापन झालेला नाशिकचा मराठा विद्या प्रसारक समाज हे त्याचे ठळक उदाहरण होय. खेड्यातील मुलाला शहरात राहून शिकता यावे यासाठी वसतिगृह काढणे, हे या मंडळींचे आरंभीचे काम; १९२० साली उदाजी महाराज वसतिगृहाची कोनशिला राजर्षी शाहू छत्रपतींच्या हस्ते बसविली गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ ची. देणगीदार संस्थानिक होते, परंतु अशा संस्थांचा खरा आधार ज्यांची मुले शिकणार होती अशा घरांचा होता. पालकांचा सहभाग हा शब्द तेव्हा कोणी वापरला नाही, कारण त्याची गरजच नव्हती. शाळा काढणारे आणि शाळेत मुले धाडणारे बव्हंशी एकच होते.

स्वातंत्र्यानंतर अनुदानाची पद्धत रूढ झाली आणि शिक्षकांचे वेतन राज्याच्या तिजोरीतून होऊ लागले. १९७७ च्या खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांविषयीच्या कायद्याने त्यांच्या नोकरीलाही संरक्षण मिळाले. हे सर्व इष्टच होते. संस्थाचालकांच्या मर्जीवर जगणारा, सही एका आकड्यावर करून हातात दुसराच आकडा घेणारा शिक्षक त्यामुळे माणसात आला. परंतु पैशाचा ओघ बदलला की जबाबदारीची दिशाही बदलते. शाळा वरच्या कार्यालयाला उत्तरदायी झाली. शिक्षणाधिकाऱ्याचे पत्र आले तर धावपळ, पालकाचे पत्र आले तर 'बघू'. संस्था मोठ्या झाल्या आणि त्यांच्या निवडणुकाही मोठ्या झाल्या. मराठा विद्या प्रसारक समाजाच्या २०२२ च्या निवडणुकीत सुमारे १० हजार सभासद मतदार होते आणि साऱ्या जिल्ह्यात तिची चर्चा होती. लोकशाही म्हणून हे जिवंतपणाचेच लक्षण आहे. तथापि संस्थेचा सभासद असणे आणि शाळेतील मुलाचा पालक असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्याला मत आहे. दुसऱ्याला बहुधा फक्त सूचना आहेत.

बैठकीची किंमत

आता सभेच्या वेळेकडे पाहू. सातपूर वा अंबडच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, नाक्यावर उभा राहून दिवसाचे काम शोधणारा मजूर, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, यांच्या दृष्टीने सकाळी अकराची सभा म्हणजे बुडालेला रोज. मध्यमवर्गीय नोकरदाराला त्याच सभेसाठी किरकोळ रजा मिळते. मजुराला रजा म्हणजे उपास. अर्थशास्त्रात याला संधिव्यय म्हणतात. एक गोष्ट करताना जी दुसरी सोडावी लागते, तीच पहिलीची खरी किंमत. म्हणून जो पालक सर्वांत गरीब, त्याला बैठक सर्वांत महाग पडते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील कित्येक कुटुंबे भाताची कापणी उरकली की दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. त्यांच्या बाबतीत तर दरमहा बैठक घेण्याचा नियम पाळावा कसा, हाच प्रश्न आहे. समितीचा अध्यक्ष मळ्यावर आणि समितीचे इतिवृत्त शाळेत, अशी स्थिती होते. मग इतिवृत्त मुख्याध्यापक लिहितात आणि सह्या अगर अंगठे सवडीने घेतले जातात. यात मुख्याध्यापकांची लबाडी असतेच असे नाही. वरून अहवाल मागितला जातो आणि तो वेळेवर जावा लागतो, एवढीच त्यांची अडचण असते.

वेळेखेरीज दुसरी किंमत संकोचाची असते. जो माणूस स्वतः चौथीत शाळा सोडून गेला, त्याच्या मनात शाळेच्या इमारतीविषयी भय असते. तेथे त्याने मार खाल्लेला असतो, नापास झालेला असतो. मुलाच्या निमित्ताने पुन्हा त्या खोलीत जाऊन, बी.एड. झालेल्या गुरुजींना 'माझ्या मुलीला अजून वाचता का येत नाही?' असे विचारणे त्याला जमत नाही. आईच्या बाबतीत हा संकोच दुणावतो. निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या, तरी बैठकीत तिच्या वतीने नवरा किंवा दीर बोलतो, हे चित्र ग्रामपंचायतीप्रमाणे शाळेतही दिसते.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. शाळा सुधारली तर फायदा सर्वांनाच होतो. जो बैठकीला आला त्याला आणि जो घरी बसला त्यालाही. वाईटपणा मात्र बोलणाऱ्या एकट्याच्या वाट्याला येतो, आणि त्याचा राग आपल्या मुलावर निघेल अशी धास्तीही त्यालाच वाटते. साहजिकच प्रत्येक जण दुसऱ्या कोणी तरी बोलावे अशी वाट पाहतो. मॅन्कर ओल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली सामूहिक कृतीविषयीच्या आपल्या ग्रंथात हा पेच विस्ताराने मांडला. सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे, हे आपल्याकडे खेड्यातील म्हातारीही सांगू शकेल. परंतु कायदे करताना त्याचा विसर पडतो.

निघून जाणे आणि बोलणे

एवढ्यानेही कोडे पुरते सुटत नाही. कारण ज्यांना वेळ आहे, शिक्षण आहे, ज्यांना शिक्षकांशी बरोबरीच्या नात्याने बोलता येते, अशा पालकांचा एक मोठा वर्ग नाशिकसारख्या शहरात आहे. प्रेसमधील कर्मचारी, बँकांतील कारकून, प्राध्यापक, शिक्षक, शासकीय सेवक हा तो वर्ग. तो कोठे आहे?

आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एक छोटे परंतु मोलाचे पुस्तक लिहिले. एखादी संस्था घसरू लागली की तिच्याशी संबंधित माणसापुढे दोन मार्ग असतात, असे ते म्हणतात. एक, निघून जाणे; दुसरा, तेथेच राहून आवाज उठविणे. बाजारात निघून जाण्याचा मार्ग चांगला चालतो. एका दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटले की तो शुद्धीवर येतो. परंतु सार्वजनिक शाळेचे तसे नसते, आणि हर्शमन यांनी उदाहरणही सार्वजनिक शाळेचेच दिले आहे. गुणवत्तेविषयी सर्वांत अधिक जागरूक असलेले पालकच सर्वांत आधी निघून जातात. जे मागे उरतात, त्यांच्याजवळ जाण्याची ऐपत नसते आणि बोलण्याचे बळही नसते. शाळेचे अनुदान तर लगेच थांबत नाही. म्हणजे जे ओरडले असते ते गेले, आणि त्यांच्या जाण्याने शाळेला चटकाही बसला नाही.

महाराष्ट्रातील नगरपालिकांच्या व जिल्हा परिषदांच्या शाळांचे गेल्या तीन-चार दशकांत नेमके हेच झाले. एके काळी या शाळांत वकिलाचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एका बाकावर बसत. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शेजारशाळेची कल्पना मांडली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच कोल्हापूर भागातील. परिसरातील सर्व मुलांनी एकाच शाळेत जावे, म्हणजे वजनदार पालकांच्या स्वार्थातूनच ती शाळा सुधारेल आणि त्याचा लाभ दुबळ्यांना आपोआप मिळेल, असा त्यामागचा व्यवहारी विचार होता. आपण त्याच्या उलट दिशेने गेलो. प्रथम वजनदार पालक गेले, मग मध्यमवर्ग गेला, आणि आता रिक्षावाला व भाजीविक्रेताही पोटाला चिमटा काढून मुलाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतो. त्याला दोष देता येणार नाही. त्याने आपल्यापुढे गेलेल्यांचेच अनुकरण केले आहे. परंतु जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविणाऱ्या कित्येक शिक्षकांची स्वतःची मुले जेव्हा त्या शाळेत नसतात, तेव्हा गावाला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

शुल्क भरणारे पालक

निघून गेलेल्या पालकाला नव्या ठिकाणी तरी आवाज मिळतो का? तेथे तो ग्राहक असतो, आणि ग्राहकाला दुकानाच्या कारभारात स्थान नसते. शिक्षणहक्क कायद्यातील व्यवस्थापन समितीची तरतूद विनाअनुदानित शाळांना लागूच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित व अल्पसंख्याकांच्या शाळांतील समित्याही केवळ सल्लागार ठरल्या. म्हणजे परिस्थिती अशी विपरीत आहे, की ज्या शाळांतील पालक अधिकार वापरण्यास सर्वांत असमर्थ, तेथे त्यांना सर्वाधिक अधिकार आहेत. आणि जेथे पालक समर्थ, तेथे अधिकार नाहीत.

विनाअनुदानित शाळांच्या बाबतीत महाराष्ट्राने एक मार्ग काढला तो शुल्कापुरता. शुल्क विनियमनाचा २०११ चा अधिनियम २०१४ च्या अखेरीस अमलात आला. त्यानुसार शाळेतील प्रत्येक पालक हा पालक-शिक्षक संघाचा सभासद ठरतो. संघाची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून सोडत काढून निवडावयाची असते आणि शुल्काचा प्रस्ताव शाळेला या समितीपुढे ठेवावा लागतो. सोडतीची तरतूद विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. मर्जीतले पालक नेमले जाऊ नयेत म्हणून कायद्याने निवड दैवावर सोपविली. परंतु पुष्कळ पालकांना अशी सोडत असते हेच माहीत नसते. इच्छुकांची नावे दोन-चारच आली, की सोडतीचे प्रयोजनही उरत नाही. पुढे शुल्क वाढल्याचे कळते तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात संताप उसळतो. पण मंजुरी तर आपल्याच प्रतिनिधींनी दिलेली असते! नंतरच्या दुरुस्तीप्रमाणे विभागीय शुल्क नियामक समितीकडे तक्रार करावयाची तर किमान २५ टक्के पालकांनी एकत्र यावे लागते. जेथे दहा पालक एका कागदावर सही करण्यास कचरतात, तेथे ही अट किती जड आहे ते सांगावयास नको.

करोनाच्या काळात हा ताण सर्वांनी अनुभवला. शाळा बंद, शिक्षण दूरध्वनीच्या पडद्यावर, आणि शुल्क मात्र पूर्ण. राजस्थानातील शाळांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये शुल्कात १५ टक्के सवलत देण्यास सांगितले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनानेही १५ टक्के कपातीचा आदेश काढला. त्या दोन वर्षांत राज्यभर पालक प्रथमच मोठ्या संख्येने संघटित झाले. परंतु शुल्काचा प्रश्न निवला तसे ते संघटनही निवले. ग्राहक म्हणून एकत्र आलेली माणसे किंमत ठरली की पांगतात; शाळेचे घटक म्हणून एकत्र आलेलीच टिकतात.

कशाने फरक पडतो?

मग समित्या करून उपयोगच नाही, असे म्हणावयाचे काय? याविषयी काही चांगले संशोधन झालेले आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात ग्रामशिक्षण समित्यांचा अभ्यास केला. दहांपैकी नऊ पालकांना अशी समिती गावात असते हेच माहीत नव्हते. गावोगाव सभा घेऊन ती माहिती दिली गेली, मुलांना वाचता येते का याची गावकऱ्यांसमोर चाचणीही झाली. तरी समित्या हलल्या नाहीत आणि सरकारी शाळाही हलल्या नाहीत. परंतु जेथे गावातल्याच तरुणांना मुलांना वाचावयास शिकविण्याचे छोटे प्रशिक्षण देऊन वर्ग चालविले गेले, तेथे त्या वर्गांना येणाऱ्या मुलांचे वाचन सुधारले. याच अर्थशास्त्रज्ञांच्या वर्तुळातून केनियात झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात पालकांच्या समितीला कंत्राटी शिक्षकाच्या कामावर देखरेख करण्याचे निश्चित अधिकार व प्रशिक्षण दिले गेले, तेव्हा समितीचा प्रभाव दिसून आला.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. नुसती माहिती देऊन वा 'जागृती' करून पालक शाळेत येत नाहीत. त्यांच्या हाती काही निश्चित काम किंवा निश्चित अधिकार असेल, आणि त्याचे फळ डोळ्यांना दिसत असेल, तर ते येतात. महाराष्ट्रात २०२२ पासून पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचा उपक्रम चालू झाला आणि त्यात वस्तीवस्तीवर मातांचे गट करण्यात आले. घरातील भांड्याकुंड्यांतून, धान्याच्या दाण्यांतून मुलाला मोजणे, ओळखणे, सांगणे कसे शिकवावे, हे या माता एकमेकींना दाखवितात. येथे बैठकीचे इतिवृत्त नाही, काम आहे. म्हणूनच निरक्षर आईलाही त्यात संकोच वाटत नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हिवाळी येथील जिल्हा परिषदेची शाळा वर्षाचे ३६५ दिवस आणि दिवसाचे बारा तास चालते, म्हणून ती दूरवर नावाजली. तिचे श्रेय तेथील शिक्षकांच्या निष्ठेला आहेच. परंतु गावाने आपली मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत शाळेच्या स्वाधीन करावयाची तर त्यामागे गावाचा केवढा विश्वास लागतो, याचाही विचार व्हावा.

शिक्षकांची भीती

शिक्षकांच्या मनात मात्र याविषयी एक रास्त भीती आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पालक शाळेत आले की गावातले गटही शाळेत येतात. अध्यक्षपदाला राजकारणाची शिडी समजणारे लोक असतात. एखाद्या शिक्षकाची बदली व्हावी म्हणून समितीचा वापर करणारेही असतात. शहरात याच वृत्तीचे दुसरे रूप दिसते. अर्धा गुण का कापला म्हणून शिक्षकाला धारेवर धरणारा, प्रत्येक गोष्टीत आपल्या मुलाचेच पाहणारा पालक शाळेला मदत करीत नसतो. 'सहभाग' म्हणजे लोकवर्गणी, अशी समजूत करून घेणारे शासनही या गोंधळात भर घालते. भिंत रंगविण्यास पालक हवा, हिशेब पाहण्यास नको, हा सहभाग नव्हे.

यासाठी मर्यादा स्पष्ट हव्यात. भागाकार कसा शिकवावा हे गुरुजींनी ठरवावे. वर्गातील किती मुलांना भागाकार येतो हे विचारण्याचा अधिकार पालकाला असावा. गुरुजी रोज येतात का, पाणी व स्वच्छतागृह आहे का, अनुदान किती आले व कोठे खर्च झाले, हेही त्याने विचारावे. हा अधिकार म्हणजे उपकार नव्हे. मुलाची उपस्थिती, आकलनक्षमता व प्रगती यांविषयी पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना माहिती देणे, हे शिक्षणहक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमाने शिक्षकाचे कर्तव्यच ठरविलेले आहे.

आणि मुलांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत तर कोणतीच मर्यादा मानता येणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथे दोन चिमुकल्या मुलींवर शाळेत अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा संतप्त पालक व नागरिक रेल्वेमार्गावर उतरले आणि तासन्‌तास वाहतूक थांबली. सुरक्षिततेसाठी नेमावयाच्या समित्या प्रत्यक्षात आहेत का, हा प्रश्न मग राज्यभर विचारला गेला. तो आधी, शांतपणे, प्रत्येक शाळेच्या बैठकीत विचारला जावयास हवा होता. जेथे रोजचे बोलणे बंद असते, तेथे एके दिवशी एकदम स्फोट होतो.

करावयाचे काय?

यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. आहेत त्या समित्याच इतक्या झाल्या होत्या, की २०२५ साली शासनाला त्यांतील अनेकांचे एकत्रीकरण करावे लागले. थोड्या, साध्या गोष्टींनीही पुष्कळ साधेल. सभा पालकांच्या सवडीने घ्यावी. शहरात रविवारी किंवा संध्याकाळी, आदिवासी भागात आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी आणि स्थलांतराच्या आधी. इतिवृत्त सह्या घेण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावे. आलेला व खर्च झालेला पैसा शाळेच्या दर्शनी भिंतीवर ठळक आकड्यांत लिहावा. वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाने आपल्या आईवडिलांसमोर एक परिच्छेद वाचून दाखवावा आणि एक हिशेब करून दाखवावा. निरक्षर आईलाही आपले मूल अडखळते की नाही ते कळते. कारखाने व कार्यालये यांनी शाळेच्या सभेसाठी वर्षातून दोन अर्धे दिवस भरपगारी द्यावेत, ही मागणी कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात घालण्यासारखी आहे. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी श्रमदानाच्या बरोबरीने शाळेचा विकास आराखडा पालकांना वाचून, समजावून देण्याचे काम अंगावर घेतले, तर ते श्रमदानापेक्षा कमी मोलाचे ठरणार नाही.

शिक्षक, कारकून व प्राध्यापक यांच्याकडून अपेक्षा याहून अधिक आहे. ज्यांची मुले सार्वजनिक शाळेत नाहीत, त्यांनाही त्या शाळेकडे पाठ फिरविण्याचा अधिकार नाही. तिच्यासाठी ते कर भरतात आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या मुलांबरोबरच त्यांच्या मुलांना या शहरात जगावयाचे आहे. ज्यांची मुले खाजगी शाळेत आहेत, त्यांनी येत्या जूनमध्ये सोडतीसाठी आपले नाव द्यावे आणि नाव निघाले तर शुल्काच्या प्रस्तावामागील हिशेब मागून घ्यावा. ताळेबंद वाचता येणारी माणसे या वर्गात भरपूर आहेत. आणि ज्यांची मुले अद्याप महापालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, त्या थोड्या सुशिक्षितांनी तर निघून जाण्यापूर्वी एक वर्ष बोलून पाहावे. दरेवाडीच्या लोकांना निघून जाण्यास दुसरी जागा नव्हती, म्हणून ते बोलले आणि त्यांचे ऐकले गेले. ज्यांना जागा आहे त्यांनीही बोलावयाचे ठरविले, तर शाळेच्या बैठकीतील ती खुर्ची फार दिवस रिकामी राहणार नाही.